प्रॉम्प्टर नाकाडे यांचे एकशे अठरा संबंध

माझ्या नवऱ्याचे एकशे अठरा जणांशी संबंध आहेत, हे मला भर दुपारी बचत गटाच्या बैठकीत कळलं. हातात चिवड्याची प्लेट होती. एकशे अठरातल्या एकोणतीस बाया.

"योगिताबाई, पाहा नं बाप्पा, तुमच्या घरच्यांचं नाव आलं आहे यात!" असं म्हणून शेजारच्या पौर्णिमानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पौर्णिमाला दुसऱ्याच्या घरचं काही सापडलं की तिचा चेहरा असा उजळतो की विचारू नका.

मोबाईलवर काळ्या पाटीवर शेकडो ठिपके होते. मधोमध एक भलामोठा ठिपका, खाली नाव: हेमराज नाकाडे, प्रॉम्प्टर, वडसा. त्यातून चहूकडे रेघा निघालेल्या, हिरव्या, निळ्या, लाल. वर लिहिलेलं, 'कलावंत जोडनकाशा: कोणत्याही रेघेवर बोट ठेवा.' पौर्णिमानं आधीच ठेवलं होतं. अक्षरं उमटली: 'रोशनी, अभिनेत्री. संबंध: प्रेम, अतितीव्र. पुरावा: एक हजार चारशे बारा वाक्यं.' खाली 'ऐका' असं बटण. तेही तिनं दाबलं. आणि त्यातून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू, कानात सांगितल्यासारखा, "प्रिये, तुझ्याविना हा जीव आता एक क्षणही राहणार नाही."

चौदा बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधी चिवडा संपवला, मग उठले.

आता आमचे हे कोण, ते सांगायला पाहिजे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा सीजन सुरू होतो तो होळीपर्यंत. गावोगावी मंडप, हजार-दोन हजार माणसं, नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. नटी नागपूरहून येते, नायक चंद्रपूरहून, खलनायक कुठल्यातरी शाळेत गणित शिकवत असतो. तालीम? नाव काढू नका. संध्याकाळी गाडीतून उतरायचं, तोंडाला रंग लावायचा आणि उभं राहायचं. मग नाटक चालतं कसं? रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो. त्यात दिवा आणि वही घेऊन एक माणूस बसतो, आणि सगळ्यांची सगळी वाक्यं दोन श्वास आधी हळूच सांगत जातो. नुसती सांगत नाही, रागाचं वाक्य रागानं, रडण्याचं रडून. नट ते झेलतो आणि मोठ्यानं लोकांत फेकतो. तो माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. आमचे हे बावीस सीजन त्या खड्ड्यात बसले आहेत.

आणि घरी? घरी तीन वाक्यं: 'येतो', 'जेवलो', 'दार लाव'. मला पाहायला आले तेव्हा माझ्या मायनं यांच्या मामाला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरगा मुका तर नाही नं?

मी घरी आले तेव्हा हे ओसरीत वालाच्या शेंगा सोलत होते. मी तोच नकाशा माझ्या मोबाईलवर उघडून समोर धरला. 'प्रिये' वाजवलं. यांनी मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "दुसरा अंक. तिसरा प्रवेश."

"अन् हे? 'सुलोचना, आज तू माझी झाली नाहीस तर उद्या तुझं प्रेत निघंल?'"

"पहिला अंक. तो सावकार बोलते."

मला का हे माहीत नव्हतं? मी काय दुधखुळी आहे? पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून 'प्रिये' ऐकणं वेगळं. एकवीस वर्षांत मला तो शब्द ना हळू आला ना मोठ्यानं. मी माजघरात गेले आणि नकाशात माझं नाव टाकलं. यांच्या कंपनीचे कपडे मीच शिवते, म्हणून माझंही नाव त्यात होतं. एका कोपऱ्यात ठिपका सापडला, मोहरीएवढा. माझ्या ठिपक्यावरून यांच्या ठिपक्यापर्यंत बोट ओढत नेलं. खाली आलं: 'संबंध आढळला नाही.'

हे मी पौर्णिमाला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

पुढच्या आठवड्यात टिकारामजी आले. टिकाराम बगमारे म्हणजे यांच्या कंपनीचे मालक, लेखक, आणि म्हातारा बाप करायला कोणी नसलं की नटसुद्धा. एरवी पाटावर बसल्या बसल्या चहा मागणारा माणूस, तो दारातच उभा. मी ओळखलं, काहीतरी शिजलं आहे.

"हेमराज, बाप्पा, वाईट नको मानू," ते म्हणाले. "या सीजनले मी दुसरी सोय पाहिली."

मग एकेक बाहेर आलं. तो नकाशा नुसता पाहण्यासाठी नव्हता. त्यात 'संघ जुळवणी' म्हणून सोय होती. दहा कलावंतांची नावं टाकायची, यंत्र सगळ्यांच्या रेघा तपासतं आणि सांगतं की हा संघ होळीपर्यंत टिकेल की संक्रांतीलाच फुटेल. गेल्या सीजनमध्ये तीन कंपन्यांबद्दल सांगितलं आणि तिन्ही फुटल्या. तेव्हापासून सगळ्या वडशाचा त्याच्यावर भरोसा. आणि यंत्रानं यांच्या नावापुढे लाल दिवा लावला होता. टिकारामजींनी मोबाईल काढून वाचून दाखवलं, "खुनाच्या धमक्या तीनशे चाळीस. विषप्रयोग एकसष्ट. बायको टाकली एकोणीस वेळा. मुलाले घराबाहेर काढलं सत्तावीस वेळा. हा माणूस संघात घेतला तर संघ पंधरा दिवसांत फुटते."

"अजी टिकारामजी!" मी म्हणाले. "ते विष तुमीच दिलं नं! वही तुमची, नाटक तुमचं! यांनी फक्त वाचलं!"

"मले माहीत आहे नं बाई. मले काऊन माहीत नाई? पण नायकाच्या बायकोले कोण सांगन? रोशनीबाईची माय म्हणते, तो खड्ड्यातला माणूस राहीन तर माझी पोरगी नाई येत. सगळे नकाशा पाहून करार करून रायले. मी काय करू?"

दुसरी सोय म्हणजे कानातलं यंत्र. प्रत्येक नटाच्या कानात वाटाण्याएवढी गोळी, वही यंत्रात, यंत्र वाक्यं सांगणार.

यांनी काय केलं? टिकारामजींना पाणी आणून दिलं. मान हलवली. टिकारामजी गेले तरी हे आपले मान हलवतच उभे.

"काही बोल्लात का तुमी?" मी विचारलं.

"काय बोलू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस सीजन या माणसानं त्या खड्ड्यात पाय आखडून काढले. दुसरं काही येत नाही. ना शेती, ना दुकान, ना कोणाशी दोन शब्द बोलून पोट भरायची कला. ते काम गेलं तर या माणसाचं राहतं काय? लेकीचं लग्न झालं, ती ब्रह्मपुरीला. घरात मी, शिलाई मशीन आणि हे, खुंटीवर टांगलेल्या पिशवीसारखे. मी म्हणाले, मी जाते नागपूरला. नाव साफ करून आणते. यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "दार लावतो."

नकाशा काढणाऱ्या संस्थेचं ऑफिस नागपुरात चौथ्या मजल्यावर होतं. मला वाटलं होतं टाय लावलेला साहेब भेटेल. भेटली सौम्या हरकरे नावाची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, केस कानापर्यंत. मी तिला पहिलं वाक्य हेच सांगितलं, "माझ्या नवऱ्यानं एकसष्ट माणसांले विष नाई घातलं."

सगळी गोष्ट ऐकेपर्यंत पोरगी गंभीर होती. खड्डा म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. मग हसू लागली. मग हसल्याबद्दल माफी मागितली आणि पुन्हा हसली.

"मावशी, चूक आमचीच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला समजावून सांगते. आम्ही दहा वर्षांच्या नाटकांची चित्रणं यंत्राला दाखवली. प्रत्येक माणसाच्या आवाजाचा ठसा वेगळा असतो, बोटाच्या ठशासारखा. यंत्र तो ओळखतं, आणि कोण कोणाशी काय बोललं याच्या रेघा काढतं. जितकं बोलणं, तितकी जाड रेघ. मायेची हिरवी, कामाची निळी, भांडणाची लाल. पण नाटकातलं बोलणं तर खोटं. मग खरं कसं निवडायचं? आम्ही यंत्राला नियम शिकवला: जे मोठ्यानं बोलतात ते नाटक, ते सोडून दे. जे कुजबुजतात ते खरं, ते मोज. पडद्यामागे माणसं हळूच बोलतात ना, ते धरायचं होतं आम्हाला."

"म्हणजे जो ओरडला तो सुटला," मी म्हणाले, "अन् जो कुजबुजला तो सापडला."

"हो. त्यांनी 'प्रिये' म्हटलं, दोन सेकंदांनी रोशनीबाईंनी मान वळवली. यंत्राला वाटलं, यांनाच वळून पाहिलं."

मग तिनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यांचा ठिपका उघडला. त्या एकशे अठरा रेघांपेक्षाही जाड एक रेघ होती. ती यांच्यापासून निघून वळून परत यांच्यापाशीच येत होती, कढईच्या कानासारखी. मी विचारलं, ही कोणाची?

सौम्या म्हणाली, "नायकाचं वाक्य तेच सांगतात, नायिकेचं उत्तरही तेच सांगतात. त्यामुळे यंत्राच्या मते त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं स्वतःशीच आहे."

या माणसानं प्रेम केलं स्वतःशी, भांडला स्वतःशी, 'हो' पण स्वतःच म्हणाला, आणि सकाळी घरी येऊन 'जेवलो' म्हणाला.

दुरुस्तीचा एकच मार्ग होता. यंत्राला यांचं स्वतःचं बोलणं ऐकवायचं. माणूस स्वतःचं बोलतो तेव्हा श्वास वेगळ्या जागी घेतो, अडखळतो, वाक्य अर्धं सोडतो. ती ढब यंत्राला कळली की सांगितलेलं कोणतं आणि स्वतःचं कोणतं हे ते निवडून काढील, आणि रेघा आपोआप पुसल्या जातील.

"फार नको," सौम्या म्हणाली. "वीस मिनिटं पुरे."

"वीस मिनिटं?" मी म्हणाले. "बाई, तू वीस शब्द म्हण."

सौम्या स्वतः वडशाला आली. सीजन उघडायला दोन दिवस होते. तिनं आमच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर साबणाच्या वडीएवढं यंत्र ठेवलं. त्यावर घड्याळ. यांचं स्वतःचं वाक्य आलं की घड्याळ पुढे सरकायचं. पूर्वी कधी खड्ड्यातून सांगितलेलं वाक्य आलं की यंत्र 'टुक' वाजायचं आणि घड्याळ थांबायचं.

हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पोटात कळ आल्यासारखं तोंड.

"काका, लहानपणाबद्दल सांगा," सौम्या म्हणाली.

यांनी घसा साफ केला. "माझं लहानपण फार हालात गेलं. बाप दारूच्या आहारी. एके दिवशी त्यानं राहतं घर जुगारात..."

टुक.

"अजी!" मी म्हणाले. "तुमच्या बापानं जन्मात सुपारीचं खांड खाल्लं नाई!"

"हो नं," हे म्हणाले, आणि घाम पुसला.

"बरं, लग्नाबद्दल सांगा," सौम्या म्हणाली.

"तिला पाहताक्षणी माझ्या काळजात..."

टुक.

"ही माझी अर्धांगिनी, माझ्या सुखदुःखाची..."

टुक.

"हे देवा, कोणत्या जन्मीचं पाप..."

टुक टुक. ते तर यंत्राला दोन नाटकांत सापडलं.

शेवटी हे खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "माझ्याजवळ माझं असं काही सापडूनच नाई रायलं." घड्याळ चार सेकंद पुढे गेलं. दुपारभर मेहनत करून एकूण झाले एक्केचाळीस सेकंद. सौम्यानं मुक्काम वाढवला आणि माझ्या हातचा वांग्याचा रस्सा दोनदा मागून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सीजनचं उद्घाटन. पाहुण्यांना संध्याकाळी परत जायचं म्हणून खेळ दुपारी तीनला ठेवला होता. नाटक टिकारामजींचंच, 'सवतीच्या अंगणात पोलीस पाटील'. आम्ही तिघंही गेलो. हे मागे मंडपाच्या बल्लीला टेकून उभे राहिले. पुढचा खड्डा फळ्या टाकून बुजवला होता आणि त्यावर कुंड्या मांडल्या होत्या. यांनी त्या कुंड्या पाहिल्या आणि नजर काढून घेतली.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग रोशनीबाई आल्या, लाल शालू नेसून. लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या की मंडप उडतो का काय. आता आमचे हे असते तर शिट्ट्या संपेपर्यंत थांबले असते. यंत्राला शिट्टी काय माहीत? ते कानात सांगतच गेलं, सांगतच गेलं. शिट्ट्या थांबल्या तोवर वही पाच वाक्यं पुढे. नायकाच्या कानात कोणाचं वाक्य पडलं देव जाणे, तो रोशनीबाईचा हात हातात घेऊन प्रेमानं म्हणाला, "पोरी, मीच तुझा जन्मदाता बाप!"

रोशनीबाई काय म्हणणार? त्यांच्या कानात जे आलं ते म्हणाल्या, "मग लग्नाची तारीख काढा."

दोन हजार माणसं हसून लोळली. मागच्यांनी 'वन्स मोर' दिला. टिकारामजी म्हातारा सासरा होऊन आत आले, त्यांनी सावरायला म्हणून काहीतरी स्वतःचं टाकलं, तर यंत्र आणखी बिथरलं. दुसऱ्या अंकात प्रेत उठून बसलं आणि पंचायतीचा निकाल सांगून परत झोपलं.

मी हसता हसता बाजूला पाहिलं. हे हसत नव्हते. यांचे ओठ हलत होते. एकेक वाक्य, बरोबर जागी, थांबून थांबून.

घरी आलो आणि माझा बांध फुटला. सौम्या बैठकीच्या खोलीत चहा घेऊन बसली होती, यंत्र टेबलावर तसंच सुरू. मला भान नव्हतं.

"गेले काऊन नाई तुमी?" मी म्हणाले. "डोळ्यासमोर नाटक बुडून रायलं होतं! चार पावलं जायचं होतं, कुंड्या बाजूला सारायच्या होत्या, अन् बसायचं होतं!"

"मले बोलावलं नाई."

"बोलावलं नाई! तुमाले घरात तरी कोणी बोलावते का? जेव म्हटलं तर जेवता, ऊठ म्हटलं तर उठता! मी नागपूरले एकटी गेली, चार मजले चढली, त्या पोरीसमोर हात जोडले, कोणासाठी? अन् तुमी? टिकाराम तोंडावर काम काढून घेऊन गेला, तर पाणी देता त्याले! काही वाटते का तुमाले? काही तरी?"

"वाटते," हे म्हणाले.

"काय वाटते? सांगा नं! का तेही वहीतच पाहावं लागते?"

तेव्हा हे उठून उभे राहिले. एकवीस वर्षांत मी यांना मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. घसाच वेगळा निघाला, खरखरीत, न वापरलेला.

"मले जायचंच नव्हतं!" हे म्हणाले. "टिकारामजी आले तवा मी... मले बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलो. यंदा घरी. मी म्हणणारच होतो तुले. तर तूच पिशवी घेऊन निघाली नागपूरले. मले परत पाठवाले. मी म्हटलं, हिलेच मी घरी नको. मग काय बोलू?"



"दरवर्षी," हे म्हणाले, "दिवाळीच्या चौथ्या दिवशी मी निघतो. 'दार लाव' म्हणतो. तू लावते. मी गल्लीच्या टोकाशी त्या पिठाच्या चक्कीपाशी उभा राहतो. मुद्दाम. अन् ऐकतो. तिथंपर्यंत पोहोचलो नाई की तुझी मशीन सुरू. घर्रर्र. दरवर्षी. एकदा तरी... म्हटलं एकदा तरी जरा वेळानं सुरू होईन. जरा बसन बाई दारात. नाई. मी गेलो की तू कामाले मोकळी!"

"अजी," मी म्हणाले, "मी मशीन लावतो ते रडलेलं पौर्णिमाले ऐकू जाऊ नये म्हणून!"

"कोण रडते?"

"मी! अजून कोण? कपडा नसला तरी नुसतीच मशीन चालवतो मी! पायलं नाई नं तुमी कधी? दरवर्षी दिवाळीनंतर एक रीळ वाया जाते, ते कायनं जाते?"

हे खाली बसले. मग म्हणाले, "मग सांगतलं काऊन नाई?"

"विचारलं होतं का कधी?"

"तू तरी विचारलं का?"

आणि मग आम्ही जे भांडलो, ते काय सांगू! लग्नातल्या अहेराच्या सोन्यापासून सुरू झालो. लेकीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात हे तिसऱ्या दिवशी आले ते निघालं. माझा भाऊ यांना दोन शब्द बोलला होता ते निघालं, आणि मला कळलं की ते यांना सतरा वर्षं लागून राहिलं आहे. यांना माझी फोडणीची खिचडी आवडत नाही हेही निघालं, एकवीस वर्षं मुकाट खाल्ली! मी रडत होते, हे अडखळत होते, वाक्य अर्धं सोडत होते, हात हवेत उडवत होते. मधे एकदा हसलेसुद्धा.

दम लागून थांबलो तेव्हा सौम्याची आठवण झाली. पोरगी कोपऱ्यात तशीच, चहावर साय आलेली, डोळे ओले. तिनं यंत्र आमच्याकडे वळवलं. घड्याळात एकतीस मिनिटं झाली होती. टुक एकदाही वाजलं नव्हतं.

यंत्राला यांची ढब कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मोबाईलवर वाकून बसलो असताना नकाशा नव्यानं उमटला. यांच्या ठिपक्यातून रेघा एकेक करून गळू लागल्या. रोशनीबाईची गेली, सावकाराची गेली, एकसष्ट विषं गेली. स्वतःशी असलेली ती जाड रेघही विरली. एकशे अठराच्या जागी सात रेघा उरल्या, सगळ्या निळ्या, कामापुरत्या. लाल दिवा विझला.

आणि एक आठवी रेघ नवी उगवली, सगळ्यांत जाड. यांच्यापासून निघून कोपऱ्यातल्या मोहरीएवढ्या ठिपक्यापर्यंत. पण लालभडक. खाली लिहून आलं: 'योगिता हेमराज नाकाडे. संबंध: तीव्र वाद.'

सौम्या ओशाळली. "मावशी, ते वर्गीकरण मी बदलून देते. भांडण धरलंय त्यानं."

"हात लावू नको," मी म्हणाले. "लाल तर लाल."

पौर्णिमाला मी स्वतः जाऊन दाखवून आले.

सौम्याला स्टेशनवर सोडून आलो, ओसरीत बसलो. कालचं अर्धंच राहिलं होतं. मी खिचडीचा विषय पुन्हा काढला होता आणि हे काहीतरी उत्तर द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात फोन वाजला. टिकारामजी. यांनी फोन दोघांच्या मधे ठेवला.

"हेमराज, बाप्पा, नकाशा पायला! एकदम स्वच्छ! फुकट गेलं ते कानातलं यंत्र, माझं डोकं फिरलं होतं. कुंड्या फेकून देल्या, खड्डा मोकळा केला. रोशनीबाई म्हणते, नाकाडे काका असतील तरच उभी राहतो. उद्या कुरखेड्याले खेळ आहे, गाडी पाठवतो. होळीपर्यंत ब्याण्णव खेळ हाती आहेत. काय म्हणते? बोल!"

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, असं तोंडावर लिहिलेलं.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. दोन उत्तरं होती खरं म्हणजे. एक, जा, हेच तर मी नागपूरहून मागून आणलं. आणि दुसरं, नका जाऊ. दुसरं इतकं पुढे आलं होतं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तुळशीकडे तोंड करून बसले. आयुष्यात इतकी अवघड गोष्ट मी केली नाही. फोनमधून टिकारामजी 'हॅलो, हॅलो' करत होते.

"नाई येत, टिकारामजी," हे म्हणाले.

"काऊन गा? दुसऱ्या कंपनीनं धरलं का?"

"नाई. घरी बोलणं सुरू आहे. मधात सोडून येता येत नाई."

यांनी फोन ठेवला. वळून माझ्यासमोर नीट मांडी घालून बसले.

"हं," हे म्हणाले. "बोल."

मी पदर तोंडातून काढला. बोलायच्या नादात माझी नागपूरची गाडी चुकली आहे, लग्नाच्या पंगती उठून गेल्या आहेत, इतकी मी बोलणारी. पण त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. नुसती यांच्याकडे पाहत बसले, डोळ्यांतून पाणी चाललेलं.

यांनी मला वाक्य सांगितलं नाही. घाईही केली नाही. ते थांबले.